गोळेश्वरचा मल्ल : ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव



१५ जानेवारी हा दिवस आपल्या महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून खो-खो, कबड्डी, लंगडी, धावण्याच्या शर्यती होतात. पण हा दिवस १५ जानेवारीलाच का, असं विचारलं तर आपल्यापैकी पुष्कळजण डोकं खाजवतील. तर ऐका. १५ जानेवारी १९२६ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. पुढे स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक त्यानंच मिळवून दिलं. त्या मुलाचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

हे नाव परीक्षेत एका गुणाच्या प्रश्नाला उपयोगी पडतं म्हणून आपण पाठ करतो आणि विसरून जातो. आज आपण त्या नावामागची हकिकत वाचणार आहोत. पदक कुस्ती खेळून मिळालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती कुस्ती खेळायला साता समुद्रापलीकडे जायचं तर पैसे लागतात. ते कुणी दिले? आणि ते पुढे कसे फिटले? मजकूर जरा मोठा आहे. मधल्या सुट्टीत निम्मा वाचा, निम्मा उद्या वाचा. पण पुरा वाचा.

लहानपण

सातारा जिल्ह्यात कराड हे गाव आहे. कृष्णा आणि कोयना या दोन नद्या तिथं समोरासमोर येऊन मिळतात. त्या संगमाला प्रीतिसंगम म्हणतात. या कराडच्या जवळच गोळेश्वर नावाचं खेडं आहे. खाशाबा या गावचे. त्यांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. घरात पाच मुलगे, त्यांत खाशाबा सर्वांत धाकटा.

शेतकऱ्याच्या घरची पोरं जशी वाढतात तसाच तो वाढला. पण वडील पैलवान असल्यामुळे पाच वर्षांचा असतानाच तो मातीत उतरला. अंगाला माती लागली की ती सुटत नाही, असं आपल्याकडे जुने पैलवान म्हणतात. खाशाबाचं तसंच झालं. आठ वर्षांचा असताना त्यानं भागातल्या एका नावाजलेल्या मल्लाला अवघ्या दोन मिनिटांत पाडलं, असं सांगतात.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झालं. ते दिवस स्वातंत्र्याच्या लढ्याचे होते. १९४२ साली चले जाव चळवळ सुरू झाली आणि सातारा जिल्हा पेटून उठला. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मुलखातलं. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, त्यांच्या चिठ्ठ्या पोचवणं, अशी कामं विद्यार्थीदशेतल्या खाशाबांनी केली, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. म्हणजे तालमीत जोर मारणारा हा मुलगा आजूबाजूला काय चाललं आहे हे डोळे उघडे ठेवून पाहत होता.

कोल्हापूरची तालीम

पुढच्या शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी तिथं कुस्तीला राजाश्रय दिला. हजारो माणसं बसून कुस्ती पाहू शकतील असं खासबाग मैदान त्यांनी बांधवून घेतलं. गल्लोगल्ली तालमी आणि प्रत्येक तालमीचा आपला अभिमान. अशा गावात बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे गुरू खाशाबांना लाभले.

पण गंमत पाहा. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांचं नाव घ्यायलाच खेळाचे शिक्षक तयार होईनात. कारण काय, तर अंगानं बारीक! पैलवान म्हटला की मानेचा, छातीचा, मांड्यांचा भरदार माणूस डोळ्यांसमोर येतो. खाशाबा तसे नव्हते. उंची बेताची, शरीर सडपातळ. ते रुसून घरी बसले नाहीत. सरळ प्राचार्यांकडे गेले आणि आपलं म्हणणं मांडलं. प्राचार्यांनी परवानगी दिली. मग या बारीक मुलानं आपल्याहून थोराड गड्यांना एकामागून एक पाडलं आणि पाहणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली.

खाशाबांचा आवडता डाव होता ढाक. ज्यांनी जत्रेच्या फडात कुस्त्या पाहिल्या आहेत त्यांना तो ठाऊक असेल. समोरच्याचं डोकं किंवा हात बगलेत घट्ट धरायचा, अंग वळवायचं आणि त्याला कमरेवरून फिरवून खाली आणायचं. यात ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. क्षणभर उशीर झाला तर डाव आपल्याच अंगावर येतो. खाशाबांची चपळाई अशी की हा क्षण त्यांच्या हातून सहसा सुटत नसे.

माती आणि गादी

इथं एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढची हकिकत नीट कळेल. आपल्याकडची कुस्ती मातीवरची. तालमीच्या हौद्यात तांबडी माती चाळून घालतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असं मिसळून ती मऊ करतात. दोन मल्लांची जोड वस्ताद नुसत्या नजरेनं लावतो. एकाची पाठ जमिनीला टेकली की तो चीत, कुस्ती संपली. पूर्वी वेळेचं बंधनही फारसं नसे. कुस्ती तासभर चालली तरी लोक हलत नसत.

ऑलिंपिकमधली कुस्ती गादीवरची. तिथं आधी वजन करतात आणि त्या त्या वजनगटातच लढत होते. खाशाबांच्या काळी एक कुस्ती १५ मिनिटांची असे. तेवढ्यात कुणी चीत झालं नाही, तर तीन पंच आपापलं मत देत. तिन्ही मतं एकाला पडली तर ३–०, दोन एकाला आणि एक दुसऱ्याला पडलं तर २–१. म्हणजे नुसता जोर करून भागत नाही, डोक्यात घड्याळ आणि नियम ठेवून लढावं लागतं. शिवाय पायही वेगळे पडतात. मातीत पाय रुततो, त्याला आधार मिळतो. गादीवर तो आधार नाही.

ज्यानं लहानपणापासून मातीच पाहिली त्याला गादीवर उभं केलं तर काय होईल? लिहायला पाटी-पेन्सिल घेऊन शिकलेल्या मुलाच्या हातात एकदम टाक आणि दौत दिल्यासारखं!

लंडनची पहिली वारी

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक झालं. देश स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. आपला तिरंगा घेऊन भारताचे खेळाडू स्वतंत्र देशाचे म्हणून प्रथमच तिथं उतरणार होते. त्यांत खाशाबांची निवड झाली. जाण्यायेण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लानं खाशाबांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. शिकायला दिवस थोडे होते. तरी फ्लायवेट म्हणजे ५२ किलोंच्या गटात ते उतरले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांतच नमवलं. अमेरिकेच्या बिली जेर्निगनलाही हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र हार पत्करावी लागली. शेवटी खाशाबांचा क्रमांक सहावा आला.

सहावा म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल. वर्गात सहावा आला तर बक्षीस मिळत नाही. पण हा सहावा क्रमांक साऱ्या जगातला होता. खाशाबा मात्र त्यावर खूश होऊन बसले नाहीत. आपण कुठं कमी पडलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ताकद कमी पडली नव्हती, गादीची सवय कमी पडली होती. सवय ही मेहनतीनं लागते. घरी परतल्यावर त्यांनी पुढची चार वर्षं त्यासाठीच घातली. वजनगटही बदलला. आता ते ५७ किलोंच्या बँटमवेट गटात उतरणार होते.

निवड झाली, पण पैसे?

१९५२ चं ऑलिंपिक फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरी ठरलं. नकाशात पाहा, युरोपच्या पार उत्तरेला हा देश आहे. निवडीच्या वेळीच पहिली अडचण आली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन मागे टाकलं, असं खाशाबांना वाटलं. त्या काळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष पतियाळाचे महाराज होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि तिच्यात खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला पाडून दाखवलं. तक्रार तोंडानं केली, पण उत्तर आखाड्यात दिलं. निवड पक्की झाली.

आता दुसरी अडचण, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. हेलसिंकीला जायचं भाडं कुठून आणायचं? १९४८ साली महाराज पाठीशी होते. या खेपेला सगळा खर्च आपण उभा करायचा होता. सरकारकडे अर्ज केला, पण वेळेत पुरेसे पैसे हाती आले नाहीत. घरी शेती. शेतकऱ्याच्या घरात हजारांनी रोख रक्कम कुठून असणार?

तेव्हा गोळेश्वरचे लोक पुढे झाले. आपला खाशाबा एवढ्या लांब लढायला निघालाय, त्याला पैशापायी अडू द्यायचं नाही, असं त्यांनी मनावर घेतलं. दारोदार फिरून वर्गणी गोळा झाली. ज्याला जेवढं जमलं तेवढं त्यानं दिलं. कराडच्या दुकानदारांनीही हातभार लावला. खाशाबा स्वतः लोकांपुढे हात पसरायला लाजले नाहीत. देशासाठी मागताना कसली लाज?

तरीही रक्कम पुरी होईना. मग राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी जे केलं ते तुम्ही जन्मभर लक्षात ठेवा. त्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले.

गहाण टाकणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलांना समजावून सांगायला नको. कर्ज फिटलं नाही तर घर जातं. खाशाबा त्यांचे नातेवाईक नव्हते, ते त्यांच्या कॉलेजचे विद्यार्थी होते. पदक मिळेल याची कुणी हमी दिलेली नव्हती. लंडनला सहावा आलेला मुलगा हेलसिंकीला दहावाही येऊ शकला असता. घर धोक्यात घालताना खर्डेकरांनी हा हिशेब मनात केला असेल, नसेल असं नाही. पण त्यांनी पैसे दिले.

खाशाबा निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर असं हे ओझं होतं. गावाच्या वर्गणीचे पैसे आणि गुरुजींचं गहाण पडलेलं घर.

हेलसिंकीचा आखाडा

जुलै महिना होता. आपल्याकडे कृष्णेला पूर यायचे दिवस. पेरण्या उरकून गोळेश्वरची माणसं कोळपणीला लागली असतील, तेव्हा खाशाबा हेलसिंकीत गादीवर उभे होते.

पहिली गाठ कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनशी पडली. कुस्ती लांबत लांबत चालली. १५ मिनिटं संपायला थोडाच वेळ उरला असताना, १४ मिनिटं २५ सेकंदांना खाशाबांनी त्याला चीत केलं. मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो मात्र फार वेळ टिकला नाही, ५ मिनिटं २० सेकंदांत त्याची पाठ टेकली. मग जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ. हा गडी चिवट होता. पूर्ण वेळ झाली तरी कुणी चीत झालं नाही. तीन पंचांपैकी दोघांनी खाशाबांच्या बाजूनं कौल दिला आणि २–१ अशी ती कुस्ती त्यांनी जिंकली. अंगानं लहान पण चपळाईनं भारी अशा या मल्लाला तिकडं पॉकेट डायनॅमो असं नाव पडलं. सायकलच्या चाकाला लावलेला छोटा डायनामो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. दिसायला मुठीएवढा, पण चाक फिरलं की दिवा लावतो. तसलंच हे नाव.

आता पदकासाठी तिघेजण उरले. जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत रशियाचा रशीद ममेदबेयोव्ह आणि आपले खाशाबा. या दोघांकडून खाशाबांना हार घ्यावी लागली. याविषयी एक हकिकत नेहमी सांगितली जाते. इशीबरोबरची कुस्ती खूप लांबली, अंग थकलं होतं. दोन कुस्त्यांच्या मधे निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण खाशाबांना लगेच ममेदबेयोव्हशी लढायला बोलावण्यात आलं. नियम दाखवून भांडायला आपल्याकडचा एकही अधिकारी त्या वेळी तिथं हजर नव्हता. परक्या मुलखात, परक्या भाषेत एकट्या मल्लानं कुणाला काय सांगायचं? ते तसेच थकल्या अंगानं गादीवर गेले.

पुढे इशीनं सुवर्णपदक मिळवलं, ममेदबेयोव्हनं रौप्य आणि आपल्या खाशाबांनी कांस्य. इशी हा काही साधा मल्ल नव्हता. हेलसिंकीत जपानला जे एकमेव सुवर्णपदक मिळालं ते त्याचंच. अशांच्या तोडीला आपला मल्ल पोचला होता. तारीख होती २३ जुलै १९५२.

त्याच ऑलिंपिकला कोल्हापूरचेच केशव माणगावे हे दुसरे मल्लही उतरले होते. त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. त्यांचीही आठवण आपण ठेवायला हवी.

तुम्ही विचाराल, हे पहिलं पदक कसं? हॉकीत तर आपण सुवर्णपदकं मिळवत होतो. बरोबर आहे. त्याच हेलसिंकीत आपल्या हॉकी संघानं सुवर्ण मिळवलं. पण हॉकी सांघिक खेळ. एकट्या खेळाडूनं स्वतंत्र भारतासाठी मिळवलेलं पहिलं पदक हे खाशाबांचंच. त्याच्या आधी, इंग्रजांच्या राज्यात, १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतीत दोन रौप्यपदकं मिळवली होती.

१५१ बैलगाड्या

खाशाबा परत आले. त्या वेळी घरोघरी रेडिओसुद्धा नव्हते, टीव्हीचं तर नावही नव्हतं. तरी बातमी सगळ्या मुलखात पसरली. गोळेश्वरच्या वेशीपासून त्यांची मिरवणूक निघाली. तिच्यात किती बैलगाड्या असाव्यात? १५१! वेशीपासून गावातल्या महादेवाच्या देवळापर्यंत चालत जायला एरवी पंधरा मिनिटं लागतात. त्या दिवशी मिरवणुकीला सात तास लागले, असं सांगतात.

त्या बैलगाड्यांतून कोण बसलं असेल याचा विचार करा. ज्यांनी वर्गणी दिली होती तीच ही माणसं. मिरवणूक खाशाबांची होती आणि त्यांचीही होती.

फेड

पुष्कळ गोष्टी इथं संपतात. हार-तुरे झाले, गुलाल उधळला, संपलं. पण खाशाबांच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. गुरुजींचं घर अजून गहाणच होतं.

पदक हे काही पैसे नव्हेत. कांस्य म्हणजे कासं, त्याचं मोल बाजारात किती येणार? आजकाल पदक मिळालं की सरकार कोटींची बक्षिसं जाहीर करतं. तेव्हा तसं नव्हतं. मग खाशाबांनी एकच मार्ग धरला, जो त्यांना येत होता. कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः लंगोट कसून आखाड्यात उतरले, कुस्त्या मारल्या आणि मिळालेले पैसे नेऊन प्राचार्यांना दिले. खर्डेकरांचं घर सुटलं.

मित्रांनो, हेलसिंकीची कुस्ती मोठी की ही? तुम्हीच ठरवा. पदक मिळवलेल्या माणसाला कुणी काही विचारलं नसतं. गुरुजीही पैसे मागायला दारात आले नसते. पण ज्याच्या पैशावर आपण गेलो त्याचं घर परक्याच्या नावावर राहू द्यायचं नाही, ही खाशाबांची समज होती. हेलसिंकीहून आल्यावर त्यांनी आधी ऋण फेडलं.

खाकी वर्दीतली वर्षं

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या आणि पुढे पोलिसांना कुस्तीचे धडेही दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जायची त्यांची जिद्द होती, पण गुडघा दुखावला आणि ते राहून गेलं. मल्लाचा गुडघा गेला की त्याचं गादीवरचं आयुष्य संपतं.

सुमारे २७ वर्षं त्यांनी नोकरी केली. बढती बरीच उशिरा मिळाली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं, हे लिहिताना वाईट वाटतं. खात्यात त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कित्येकांना, आपल्या शेजारी बसणारा हा शांत माणूस ऑलिंपिकचं पदक मिळवून आलाय, याचा पत्ताही नसेल. गोळेश्वरच्या घराला मात्र त्यांनी ऑलिंपिक निवास असं नाव दिलं होतं.

१९८२ साली दिल्लीला आशियाई स्पर्धा झाल्या. त्या वेळी क्रीडाज्योत घेऊन धावणाऱ्यांत खाशाबांना मान मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ५८ वर्षांचं. स्वातंत्र्यदिनाला एक रात्र उरली होती.

उशिरा झालेली आठवण

मग लोकांना हळूहळू जाग आली. महाराष्ट्र शासनानं त्यांना मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला. त्यानंतर केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तरच. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हा तिथल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचं नाव देण्यात आलं. पुढे त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन ठरला.

आता थोडं गणित करू. खाशाबांचं पदक १९५२ चं. त्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवून दिलं, १९९६ साली अटलांटाला. मधे किती वर्षं गेली? ४४. कुस्तीतलं दुसरं पदक सुशील कुमार यांनी २००८ साली बीजिंगला मिळवलं. मधे ५६ वर्षं गेली. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक पदक? ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत मिळवलं. म्हणजे ७२ वर्षांनी. तेही कांस्यच, आणि तोही खेड्यातलाच मुलगा. एवढी वर्षं दुसऱ्या कुणाला जमलं नाही, यावरून खाशाबांनी काय केलं होतं याचा अंदाज येतो.

आपण काय घ्यावं?

हे वाचून झाल्यावर सगळ्यांनी पैलवान व्हावं असं नाही. पण चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अंगानं बारीक आहे म्हणून कुणी नाकारलं, तर रडत बसू नये. शांतपणे आपलं म्हणणं मांडावं आणि मग करून दाखवावं. सहावा क्रमांक आला, तर कुठं कमी पडलो ते शोधून तेवढ्यावर मेहनत घ्यावी. गावातलं एखादं पोर पुढे जायला निघालं असेल, मग ते खेळात असो की शिक्षणात, तर त्याला हात द्यावा. गोळेश्वरच्या माणसांनी दिला तसा. आणि चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड. ज्यानं आपल्यासाठी काही केलं त्याचं देणं विसरू नये.

तुमच्या आई-वडिलांनी तुमच्या वह्या-पुस्तकांसाठी कुठंतरी काटकसर केलेली असते. ते घर गहाण टाकत नाहीत, पण एखादं लुगडं, एखादी चप्पल पुढच्या वर्षावर ढकलतात. तेही एक ऋणच आहे.

खाशाबांच्या जीवनावर मराठीत पुस्तकं निघाली आहेत. कुठं मिळाली तर जरूर वाचा, आणि घरी म्हातारी माणसं असतील त्यांना विचारा, त्यांनी कुठल्या जत्रेत कुठल्या मल्लाची कुस्ती पाहिली होती. ज्यांना अशी एखादी हकिकत मिळेल त्यांनी ती सुवाच्य अक्षरात लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावी. पुढच्या अंकात ती इथंच लावू.

गोळेश्वरच्या या मल्लास, त्याच्या गावास आणि घर गहाण टाकणाऱ्या त्या गुरुजींस आम्हां सर्वांचे शतशः प्रणाम!